एकशे एकतीस फुग्यांपैकी नऊ

आमच्या अंकाची कच्ची पानं पहिल्यांदा ज्या मैत्रिणीच्या हातात पडली ती लेटरिंग करते, म्हणजे कॉमिकमधले बोलण्याचे फुगे आखायचे आणि त्यात अक्षरं बसवायची हे तिचं काम, आणि लेटरिंगवाल्यांना गोष्ट वाचायच्या आधी फुगे मोजायची सवय असते कारण किती दिवस लागणार ते त्यावरच ठरतं. तिने मोजले. २४ पानं, १३१ फुगे. मग कोण किती बोलतंय तेही मोजलं आणि मला एवढाच मेसेज टाकला, "ज्यांना सोडवायची गोष्ट आहे ते नऊ वेळा बोलतात, त्यात सहा वेळा थँक्यू."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी लिहिलं की अगं ते परग्रहावरचे आहेत, त्यांची भाषाच वेगळी आहे, ते बोलणार कसे. तिचं उत्तर आलं, "मग थँक्यू कसं जमलं?"

तर हे सगळं प्रकरण त्या सहा थँक्यूंचं आहे. अंक शेवटी छापला गेला, पण पहिली स्क्रिप्ट आणि छापलेला अंक यात इतकं अंतर आहे की काय काय बदललं आणि का, ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस डोक्यात होतं.

आधी पहिल्या स्क्रिप्टची गोष्ट. शनीसारखा एक ग्रह, त्याच्या कड्यांमधे बर्फाची खाण. ही कल्पना मला अजूनही आवडते कारण त्यात पैशाचं गणित बसतं, शनीची कडी बहुतांश पाण्याच्या बर्फाचीच आहेत, पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे थेट रॉकेटचं इंधन, त्यामुळे अंतराळात जो बर्फ खणेल तो पेट्रोल पंपाचा मालक. खाणीत राबणारे जीव दुसऱ्या ग्रहावरून पकडून आणलेले. त्यांच्या गळ्यापासून छातीपर्यंत चमकणारे ठिपके असतात आणि ते त्या ठिपक्यांची उघडझाप करून बोलतात. खाणवाले त्यांना 'काजवे' म्हणतात, हिणवून. त्यांचं स्वतःचं नाव प्रकाशात आहे, तोंडाने उच्चारताच येत नाही, म्हणून इथे मीही काजवेच लिहितोय.

आता प्लॉट. पृथ्वीच्या एका मालवाहू यानाला मदतीचा सिग्नल मिळतो, कॅप्टन तिथे जातो, दोन मारामाऱ्या होतात, मग कॅप्टन कंट्रोल पॅनेलवर गोळी झाडतो आणि सगळ्या काजव्यांच्या गळ्यातले पट्टे एकाच वेळी खणखण करत गळून पडतात. काजवे गुडघे टेकतात. थँक्यू. यान उडतं, मागे सूर्य उगवतो, समाप्त.

पॅनेलवर गोळी मारली की कुलूप उघडतं ही तर सिनेमातली थाप आहे. खऱ्या कुलपांत दोन जाती असतात, एक वीज गेली की उघडणारी, दुसरी वीज गेली तरी बंदच राहणारी. आग लागली तर माणसं बाहेर पडावीत म्हणून पहिली जात वापरतात. गुलाम ठेवणारा माणूस कुठली विकत घेईल हे सांगायला इंजिनियर लागत नाही. म्हणजे आमचा कॅप्टन गोळी झाडून पॅनेल जाळतो तेव्हा खरं तर त्याने सगळ्यांना कायमचं कोंडलेलं असतं! हे माझ्या लक्षात आलं तेव्हा हसू आलं, पण त्या एका चुकीने बाकीची स्क्रिप्टही उघडी पडली. कुलूप कसं उघडतं याचा मी विचारच केला नव्हता कारण कॅप्टन आला की ते उघडणारच होतं.

मग वाचायला बसलो. हा विषय मराठीला परका नाहीच, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना, आणि त्यातून आपल्या लोकांनी काहीतरी शिकावं अशी अपेक्षाही तिथेच लिहून ठेवली. पण माझा शोध साधा होता, खरीखुरी सुटका झाली तेव्हा कुलूप कोणी उघडलं एवढंच बघायचं होतं.

पहिलं सापडलं ते रॉबर्ट स्मॉल्सचं प्रकरण. १३ मे १८६२, पहाटेची वेळ, अमेरिकेत यादवी युद्ध चालू, चार्ल्स्टन बंदर दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट सैन्याच्या ताब्यात. त्यांच्या कामाला प्लांटर नावाची एक वाफेची बोट होती आणि तिचं सुकाणू धरायचा हा २३ वर्षांचा गुलाम. रात्री गोरे अधिकारी बोट सोडून किनाऱ्यावर झोपायला गेले. स्मॉल्सने कॅप्टनची गवती टोपी डोक्यावर घातली, वाटेत एका ठिकाणाहून बायकापोरं बोटीवर घेतली, आणि फोर्ट समटरच्या तोफांसमोरून जाताना घाई न करता नेहमीची ठरलेली शिट्टी वाजवली. पहारेकऱ्यांना अंधारात टोपी दिसली, शिट्टी ऐकू आली, झालं. पुढे युनियनची, म्हणजे उत्तरेकडच्या सैन्याची, जहाजं दिसायला लागल्यावर पांढरी चादर चढवली, नाहीतर त्यांनीच उडवलं असतं. बोटीवर १६ जण होते. हाच माणूस पुढे काँग्रेसवर निवडून गेला, आणि ज्या मालकाच्या घरी तो गुलाम म्हणून जन्मला ते घर त्याने विकत घेतलं.

यात 'वाचवणारे' कोण? युनियनचं जहाज. त्याने काय केलं? गोळी झाडली नाही, एवढंच.

दुसरं, २ जून १८६३, कोंबाही नदी. स्वतः गुलामगिरीतून पळालेली हॅरिएट टबमन आणि युनियनचा कर्नल जेम्स माँटगोमेरी बोटी घेऊन गेले आणि एका रात्रीत ७०० हून जास्त लोक सुटले. ही तर बाहेरून आलेली मदत, अगदी आमच्या प्लॉटसारखी. पण नदीत सुरुंग कुठे कुठे पेरलेत ही माहिती टबमनच्या हेरांनी तिथल्या गुलामांकडूनच काढली होती, त्याशिवाय बोटी पुढे सरकल्याच नसत्या. आणि टबमनने नंतर त्या पळापळीचं जे वर्णन सांगितलं त्यात एक बाई डोक्यावर भाताचं भांडं घेऊन धावतेय, भातातून अजून वाफ निघतेय. चुलीवरचं उतरवलं आणि पळाली.

तो वाफाळता भात मी चित्रकाराला सांगितला आणि आमचं पान १८ तिथून आलं. आधी तिथे नुसता जमाव होता, हात वर केलेला. आता प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे, एकाकडे ड्रिलचं पातं, एकाकडे बर्फाचा ढेकूळ कापडात गुंडाळलेला, एक म्हातारा मुकादमाचं स्टूल घेऊन पळतोय. स्टूल का ते अंकात सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांत त्यावर कधी बसू दिलं नसेल, मी तरी असं धरून चाललो.

मग सगळ्यात मोठा बदल, कुलपाचा. विजेचे पट्टे काढून टाकले. त्याऐवजी प्रश्न असा विचारला की चमकून बोलणाऱ्या जीवांना गप्प कसं ठेवायचं? उत्तर अगदी स्वस्तातलं निघालं, दिवे कधीच बंद करायचे नाहीत. खाणीत, बराकीत, सगळीकडे चोवीस तास फ्लडलाइट. इतक्या उजेडात शेजारच्याचे ठिपके दिसतच नाहीत. हे मी हवेतून नाही काढलं, १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनोचं बंड झालं आणि १७४० च्या कायद्याने तिथल्या गुलामांना ढोल वाजवायला बंदी केली, लिहायला शिकवायलाही बंदी केली. बेड्या होत्याच की आधीपासून, तरीही ढोलाची भीती वाटली.

फ्लडलाइट आल्यावर गोष्ट आपोआप हलायला लागली. काजवे बोलणार कुठे? तर बर्फात. स्वच्छ बर्फातून प्रकाश लांबपर्यंत जातो, खोल बोगद्यात एकाने छाती बर्फाला चिकटवली तर पलीकडच्या बोगद्यातल्याला ठिपके दिसतात. म्हणजे ज्या बर्फासाठी त्यांना पकडून आणलं तोच त्यांचा टेलिफोन. मुकादमांना वाटतं हे दमून भिंतीला टेकलेत. आणि दिवे कसे जाणार? ते दिवे थंड ठेवायला लागतं वितळवलेलं पाणी, पाणी कोण पुरवतं, काजवेच. पाणी अडवलं, दिवे तापले, एकेक करून आपोआप बंद. पट्ट्याला आता साधं चावीचं कुलूप आहे आणि चावी मुकादमाकडे, आणि मुकादम स्वतः काजवाच आहे.

या मुकादमावरून आमच्यात जे वाजलं ते वाजलं. चित्रकाराचं म्हणणं, त्याला शेवटी मारायचा, वाचकांना तेवढं तरी समाधान मिळू दे. मैत्रीण म्हणाली, त्याने चावी दिली म्हणजे तो सुटला का, आधीच्या वर्षांचं काय? मला तो चावी देतो तो क्षण हवा होता. भांडणाचा निकाल काही लागला नाही आणि ते अंकातही दिसतं, पान १६ वर तो चावी देतो, आणि पान १९ वर यानात शिरताना त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नाही. त्यावर एकही फुगा नाही. मला विचाराल तर अंकातलं सगळ्यात चांगलं पॅनेल, म्हणजे चित्राची चौकट, तेच आहे आणि ते आम्हाला एकमत न झाल्यामुळे मिळालं.

पान १६ च का, हेही सांगतो. कॉमिकमधे पान १ उजवीकडे येतं, म्हणजे सम आकड्याचं पान नेहमी पान उलटल्यावर डावीकडे उघडतं. धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर, नाहीतर वाचकाची नजर समोरच्या पानावर आधीच पोचलेली असते. पहिल्या स्क्रिप्टमधे मी सगळे धक्के विषम पानांवर ठेवले होते, नवशिकेपणा.

आता भाषा. मैत्रिणीच्या टोमण्याचं उत्तर द्यायचं बाकी होतं, बोलणार कसे? इथे आमिस्ताद जहाजाचं प्रकरण कामी आलं. १८३९ साली त्या जहाजावरच्या आफ्रिकन कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतलं आणि पूर्वेला घराकडे न्यायला सांगितलं, पण सुकाणूवरचे स्पॅनिश लोक दिवसा पूर्वेला न्यायचे आणि रात्री गुपचूप दिशा फिरवायचे, असं करत जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं आणि हे लोक तुरुंगात. त्यांची भाषा कोणालाच येईना. येलमधले प्राध्यापक जोसाया गिब्ज यांनी त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या बंदरावर ते आकडे मोठ्याने म्हणत फिरायला लागले, कोणी ओळखतंय का बघायला. लोकांना वेडा वाटला असेल. पण एक खलाशी सापडला, जेम्स कोव्ही, त्याला मेंदे भाषा येत होती, आणि तो स्वतः कधीकाळी गुलामांच्या जहाजावरून सोडवलेला होता. दुभाष्या मिळाल्यावर कैद्यांना आपली बाजू स्वतः सांगता आली. १८४१ मधे सुप्रीम कोर्टाने त्यांना स्वतंत्र ठरवलं.

आमच्या यानात एक इंजिनवाला आहे जो पहिल्या पानापासून गळ्याला जाड मफलर गुंडाळून असतो. पान ७ वर कॅप्टन (आता ती बाई आहे, आणि ती वाचवायला वगैरे आलेली नाही, बर्फ विकत घ्यायला आलीये, गिऱ्हाईक आहे) एका काजव्याच्या पोरासमोर बर्फाचे तुकडे मांडून आकडे मोजायला बघते आणि तिला काही कळत नाही. पान उलटलं की पान ८, इंजिनवाला मफलर सोडतो. ठिपके.

हा असा शेवटचा पडदा काढण्याचा प्रकार विज्ञान कॉमिक्समधे जुना आहे. अमेरिकेतल्या ईसी कॉमिक्सच्या 'विअर्ड फँटसी' मधे १९५३ साली 'जजमेंट डे' नावाची गोष्ट आली होती, पृथ्वीचा दूत यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो, तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हलकं समजतात म्हणून तो त्यांना नापास करतो, आणि शेवटच्या पॅनेलमधे हेल्मेट काढतो तेव्हा तो कृष्णवर्णीय असतो. पुढे ती गोष्ट परत छापायची वेळ आली तेव्हा कॉमिक्स कोडच्या, म्हणजे छापण्याआधी कॉमिक्स तपासणाऱ्या संस्थेच्या, अधिकाऱ्याने त्या दूताच्या काळं असण्यालाच हरकत घेतली. संपादक हटले नाहीत, १९५६ च्या अंकात ती जशीच्या तशी आली. आम्हाला कोणी हरकत घेणार नव्हतं, पण एवढं शिकलो की पडदा काढल्यावर आधीची सगळी पानं परत वाचावीशी वाटली पाहिजेत, नाहीतर ती नुसती जादू.

म्हणून लेटरिंग बदललं, आणि हे श्रेय पूर्ण मैत्रिणीचं. अंक काळापांढरा, त्यात फक्त एक जादा रंग, निळसर हिरवा, आणि तो रंग काजव्यांच्या बोलण्याशिवाय कुठेही वापरायचा नाही. पान ८ पर्यंत त्यांचे फुगे काळे आणि आत नुसते रंगीत ठिपके, आपल्याला कॅप्टनइतकंच कळतं, म्हणजे शून्य. पान ८ नंतर ठिपक्यांखाली मराठी येतं. फ्लडलाइटखाली तेच ठिपके नुसती पोकळ वर्तुळं, रंगाशिवाय. आणि तिने एक खोडी केली, तीन ठिपके, मोकळी जागा, मग एक ठिपका, हा नमुना पान २ वर आहे, ५ वर आहे, आणि ११ वर कळतं की त्याचा अर्थ 'अजून नको'. म्हणजे पान २ वरच, कॅप्टन यायच्याही आधी, योजना चालू होती. मी स्क्रिप्ट लिहिली पण ही गोष्ट मला सुचली नव्हती.

चित्रांचं थोडक्यात सांगतो. पहिल्या मसुद्यात गुडघे टेकून हात जोडलेला काजवा होता, तो हुबेहूब १७८७ च्या वेजवुड पदकासारखा होता, साखळदंडात गुडघ्यावर बसलेला माणूस आणि 'मी माणूस नाही का, भाऊ नाही का' असा मजकूर. चित्रकाराने ते पदक कधी पाहिलंही नव्हतं, तरी हात तिकडेच गेला, इतकी ती पोज मुरलेली आहे. त्या पदकाने गुलामगिरीविरोधी चळवळीचं खूप काम केलं हे खरंच, पण तो माणूस विचारतोय आणि ठरवणारा चौकटीच्या बाहेर उभा आहे. आम्ही ती पोज पूर्ण काढली. दुसरं गुलाम वाहणाऱ्या ब्रूक्स जहाजाचं चित्र, १७८८ चं, जहाजाच्या पोटात ओळीने कोंबलेली माणसं दाखवणारा आराखडा. ते पान ३ वर ठेवलं, पण मालकाच्या ऑफिसात भिंतीवर टांगलेला बराकीचा नकाशा म्हणून, सगळी शरीरं सारखी. मग पान १३ वर तीच चौकट आतून, आणि तिथे प्रत्येक जण वेगळा झोपलाय, कोणी कुशीवर, कोणी शेजारच्याच्या पायावर डोकं ठेवून. या एका पानाला चित्रकाराला नऊ दिवस लागले आणि तो अजून ऐकवतो.

सगळं जमलं असंही नाही. पाणी अडवल्यामुळे दिवे का जातात हे पान १४ वर आहे आणि आम्ही ज्या पाच जणांना वाचायला दिलं त्यातल्या तिघांनी विचारलं की लाइट का गेली. एक पॅनेल वाढवलं, पाइपवर जमलेलं बर्फ दाखवलं, तरी ते पान गचाळच राहिलं. कॅप्टन पातळ झाली, तिला मनात काय वाटतं याला जागाच उरली नाही. एकाने सरळ सांगितलं की मारामारी कुठाय राव.

शेवट मात्र पूर्ण बदलला आणि तो बदलायचं कारण आकडे होते. ब्रिटिश नौदलाच्या पश्चिम आफ्रिका तुकडीने १८०८ ते १८६० या काळात सुमारे १६०० जहाजं पकडली आणि जवळपास दीड लाख लोक सोडवले. मोठा आकडा आहे, खरी सुटका आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउन बंदरात उतरवलेल्यांपैकी कित्येकांना तिथे 'शिकाऊ' म्हणून वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडे कामाला बांधलं, कित्येकांना फौजेत घातलं. आणि १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद केली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई ठरली, ती मालकांना. गुलामांना काही नाही, उलट बहुतेकांना 'शिकाऊ' या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावं लागलं. हे वाचल्यावर सूर्योदयाचं पॅनेल मला ठेववेना.

आता शेवटची चार पानं बंदरातल्या नोंदणीच्या हॉलमधे आहेत. लांब रांग, टेबलामागे कारकून, दुष्ट वगैरे नाही, दमलेला माणूस आहे. फॉर्ममधे रकाने आहेत, मूळ मालक, अंदाजे किंमत, जामीन कोण. नावाचा रकाना सगळ्यात खाली. कारकून विचारतो नाव काय, रांगेतली पहिली म्हातारी उत्तर देते, पण हॉलमधे ट्यूबलाइट इतक्या की तिचे ठिपके दिसतच नाहीत, पोकळ वर्तुळं. कारकून परत विचारतो. ती परत सांगते. तिसऱ्यांदा तो वर न बघता 'नाव नाही' लिहायला जातो, तेव्हा इंजिनवाला रांग सोडून भिंतीकडे जातो आणि बटण बंद करतो. पान २४ उलटून दिसतं, पूर्ण काळं, कडेपर्यंत, त्यावर फक्त निळसर हिरवे ठिपके, रांग जितकी लांब तितके.

नवीन मोजणी मैत्रिणीनेच केली, ११८ फुगे, त्यात काजव्यांचे ५२. थँक्यू एक आहे, तो कॅप्टन म्हणते, मफलरवाल्याला.

अंक छपाईला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रिंटरचा फोन आला, म्हणाला शेवटचं पान चुकून काळं आलंय का, परत पाठवता का. मी म्हटलं नाही, तसंच आहे. तो म्हणाला, शाई फार खाईल.